स्टार्टरचा हात दुखावला की संघाचे काय होते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : मोसम ऐन भरात असताना बेसबॉल संघाच्या प्रमुख स्टार्टिंग पिचरचा, म्हणजे सामन्याची सुरुवात करणाऱ्या चेंडूफेक्याचा (स्टार्टरचा), हात दुखावला, तर पुढे काय? एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे खाली देत आहे.

प्रश्न : आमच्या आवडत्या संघाचा अव्वल स्टार्टर चौथ्या इनिंगमध्येच (डावात) माउंड, म्हणजे चेंडू टाकण्याचा उंचवटा, सोडून गेला. संघाने 'कोपराखालचा हात आखडला आहे' एवढेच कळवले. इतक्या किरकोळ कारणाने समालोचक एवढे गंभीर का झाले?

उत्तर : कारण बेसबॉलमध्ये हे कारण किरकोळ ठरण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाचे हाड आणि पुढच्या हाताचे हाड यांना बांधून ठेवणारा एक लहानसा पट्टा असतो. त्याला अल्नर कोलॅटरल लिगामेंट म्हणतात. चेंडू सोडण्याच्या क्षणी पिचरचा खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने आत वळतो, आणि त्याच्या अगोदरच्या निमिषात, हात मागे पूर्ण ताणलेला असताना, कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते. ते उघडू न देण्याचे काम हे लिगामेंट आणि त्यावर पसरलेले पुढच्या हाताचे स्नायू मिळून करतात. यांपैकी एकाने काम टाकले की दुसऱ्यावर बोजा येतो. त्यामुळे स्नायू आखडला असेल, तर तो केवळ थकला आहे की दुबळ्या झालेल्या लिगामेंटचे ओझे वाहतो आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. त्यासाठी एमआरआयच करावा लागतो.

जाणकार प्रेक्षकाला मात्र घोषणेच्या आधीच कुणकुण लागते. पिचर दोन चेंडूंच्या मध्ये माउंडच्या मागे जाऊन बोटे उघडझाप करतो, हात खाली सोडून झटकतो. फास्टबॉलचा वेग एकाच इनिंगमध्ये ताशी दोन-तीन मैलांनी उतरतो. कॅचरने (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) गुडघ्याजवळ मागितलेला चेंडू पुन्हा पुन्हा खांद्याच्या उंचीवर जातो. अशा वेळी सर्वांत आधी डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) नजर टाकतो तो कॅचर, आणि माझ्या मते त्याचा चेहरा हे संघाच्या निवेदनापेक्षा अधिक विश्वासार्ह साधन आहे.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या कार्यालयात नेमके काय घडते? एका खेळाडूच्या जागी दुसरा आणला की प्रश्न सुटत नाही का?

उत्तर : कागदोपत्री प्रश्न खरोखर तेवढ्यावर सुटतो. मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) सक्रिय संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३ ठेवता येतात. जखमी पिचरला १५ दिवसांच्या इन्जर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत) टाकले की ट्रिपल-ए, म्हणजे लगेच खालच्या स्तरावरच्या, संघातून बदली खेळाडू बोलावता येतो. दुखापत लांबणार असे दिसले तर त्याला ६० दिवसांच्या यादीत हलवतात, म्हणजे ४० जणांच्या मुख्य यादीतली त्याची जागाही मोकळी होते आणि ती नव्या खेळाडूला देता येते.

खरी अडचण माणसांच्या संख्येची नसून इनिंग्जची असते, आणि नेमकी हीच बाब चाहत्यांच्या चर्चेतून निसटते. मोसमात प्रत्येकी नऊ इनिंग्जचे १६२ सामने, म्हणजे ढोबळमानाने १,४५८ इनिंग्ज टाकायच्या असतात. आळीपाळीने सुरुवात करणाऱ्या पाच जणांच्या रोटेशनमधला निरोगी स्टार्टर सुमारे ३२ सामन्यांची सुरुवात करतो. सरासरी साडेपाच इनिंग्ज धरल्या तर एकटा माणूस १७५ च्या आसपास इनिंग्ज उचलतो. तो मे महिन्याच्या सुरुवातीला गेला आणि त्याच्या २५ सुरुवाती शिल्लक असल्या, तर जवळजवळ १३७ इनिंग्ज, म्हणजे इनिंगला तीन या हिशेबाने चारशेहून अधिक बाद, दुसऱ्या कोणाकडून तरी मिळवायचे असतात. बदली आलेला तरुण चार इनिंग्जमध्येच दमला, तर उरलेल्या दीड-दीड इनिंग्ज साचत साचत मोसमाअखेर चाळिसाच्या घरात जातात. स्टार्टरनंतर चेंडू टाकायला येणारा नेहमीचा रिलीव्हर वर्षभरात साधारण ६० ते ७० इनिंग्ज टाकतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक रिलीव्हर एवढे जादा काम बुलपेनवर, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्यावर, पडते आणि ते करायला जादा माणूस मात्र मिळत नाही. मे महिन्यातल्या दुखापतीचे बिल ऑगस्टमध्ये, सातव्या-आठव्या इनिंगमध्ये हातून निसटलेल्या आघाड्यांच्या रूपाने चुकवावे लागते, ते यामुळेच.

ताज्या दमाचे पिचर रोज वर-खाली करत राहावे, हा उपायही नियमांनी मर्यादित केला आहे. खाली पाठवलेल्या पिचरला १५ दिवसांच्या आत परत बोलावता येत नाही, अपवाद फक्त जखमी खेळाडूच्या जागी बोलावण्याचा. आणि एका मोसमात एकाच खेळाडूला अशा प्रकारे पाच वेळांपेक्षा अधिक खाली पाठवता येत नाही.

प्रश्न : मग ज्या संघांनी असा प्रसंग निभावून नेला, त्यांनी काय केले?

उत्तर : तीन वेगवेगळ्या वाटा मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली टॅम्पा बे रेजची. २०१८ चा मोसम सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या दोन होतकरू तरुण पिचरांवर कोपराची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली होती. १९ मे २०१८ रोजी एंजल्सविरुद्ध त्यांनी सर्जिओ रोमो या मुरलेल्या रिलीव्हरला सामन्याची सुरुवात करायला लावले. त्याने पहिल्या इनिंगमध्ये तिन्ही फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि चेंडू रायन यारब्रोच्या हाती सोपवला. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पुन्हा रोमोच. 'ओपनर' नावाने रूढ झालेल्या या युक्तीमागचा हिशेब असा की, एकाच पिचरला फलंदाज जितक्या वेळा पाहतात तितके ते त्याला अधिक चांगले ओळखतात. समोरच्या संघाच्या सर्वोत्तम फलंदाजांची पहिली फेरी ओपनरने निभावली, तर मागून येणारा पिचर त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा उभा राहण्यापूर्वीच आपले काम संपवू शकतो. रेजनी त्या वर्षी ९० सामने जिंकले.

दुसरी वाट अटलांटा ब्रेव्हजची. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट मिळवले होते. २०२४ मध्ये तो दोनच सामने खेळला आणि एप्रिलमध्येच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तरीही ब्रेव्हज ८९ विजयांसह प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) पोहोचले, आणि त्याचे श्रेय दुखापतीनंतरच्या धावपळीपेक्षा आधीच्या हिवाळ्याला अधिक जाते. त्या हिवाळ्यात त्यांनी ख्रिस सेलला अदलाबदलीत मिळवले होते. सेलची स्वतःची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या लिगामेंटची; तिच्याविषयी पुढे येईल) २०२० मध्ये झाली होती आणि पुढची काही वर्षे तो या ना त्या दुखापतीने बाहेरच असे, म्हणून तो पेलण्याजोग्या किमतीत मिळाला. त्याने १८ सामने जिंकून नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, पटकावला. त्याच हिवाळ्यात करारबद्ध केलेल्या रेनाल्डो लोपेझ या रिलीव्हरला त्यांनी स्टार्टर बनवले आणि तो ऑल-स्टार झाला. स्ट्रायडरच्या जागी त्याच्या तोडीचा पिचर शोधत बसण्याऐवजी त्याच्या इनिंग्ज आधीच दोन-तीन ठिकाणी पेरून ठेवणे, याला मी व्यवस्थापन म्हणतो.

तिसरी वाट लॉस एंजेलिस डॉजर्सची, आणि ती सर्वांत धोक्याची. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांचे इतके स्टार्टर जायबंदी झाले होते की पाद्रेसविरुद्धच्या मालिकेत १-२ असे पिछाडीवर असताना, चौथ्या सामन्यात त्यांनी स्टार्टरच उतरवला नाही. आठ रिलीव्हरांनी मिळून तो सामना ८-० असा जिंकला. चाहत्यांच्या लक्षात हाच सामना राहतो. पण हीच योजना पुढे मेट्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात वापरल्यावर डॉजर्स ३-७ असे हरले आणि वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) चौथ्या सामन्यात यांकीजने त्यांना ११-४ असे झोडपले. विजेतेपद मिळाले, म्हणून 'बुलपेन गेम' हा स्टार्टरला पर्याय ठरत नाही. आठ जणांपैकी सातांचा दिवस चांगला आणि एकाचा वाईट असला, तरी सामना त्या एकाच्या हातून जातो.

प्रश्न : उरलेल्या चार स्टार्टरांनाच थोडे अधिक वेळा का खेळवत नाहीत?

उत्तर : चौघांच्या रोटेशनचा जमाना होऊन गेला आहे, हे खरे, परंतु तेव्हाचा पिचर प्रत्येक चेंडू सर्व ताकद पणाला लावून टाकत नव्हता. आजचा पिचर पहिल्या चेंडूपासून जोर लावतो, आणि पिचरांच्या वाढत्या दुखापतींबाबत मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाचा हव्यास आणि सततचा कमाल जोर यांवरच बोट ठेवले आहे. विश्रांतीचा एक दिवस कमी केला, तर दोन महिन्यांत दुसरा स्टार्टर पहिल्याच्या शेजारच्या पलंगावर दिसेल.

प्रश्न : लिगामेंट फाटले म्हणजे टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावीच लागते का? आणि ती असते तरी काय?

उत्तर : करावीच लागते असे नाही. मासाहिरो तानाका यांकीजकडून खेळत असताना, जुलै २०१४ मध्ये त्याचे लिगामेंट अंशतः फाटल्याचे निदान झाले. त्याच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचे इंजेक्शन आणि विश्रांती एवढ्यावर तो सप्टेंबरमध्ये परतला, आणि शस्त्रक्रियेविना २०२० पर्यंत यांकीजसाठी खेळत राहिला. फाट किती आहे आणि लिगामेंटच्या कोणत्या टोकाला आहे, यावर हा निर्णय अवलंबून असतो. पूर्ण फाटलेले लिगामेंट मात्र विश्रांतीने जोडले जात नाही.

टॉमी जॉन हा डॉजर्सचा डावखुरा पिचर. १७ जुलै १९७४ रोजी माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध खेळताना त्याचे कोपर गेले. २५ सप्टेंबर रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटाजवळील एक कंडरा काढून, डाव्या कोपराच्या हाडांत छिद्रे पाडून त्यांतून ती ओवली आणि नवे लिगामेंट तयार केले. ही कंडरा निघाल्याने मनगटाच्या कामात फारसा फरक पडत नाही. काही माणसांना ती जन्मतःच नसते आणि त्यांच्या बाबतीत मांडीच्या मागची कंडरा वापरतात. यश मिळण्याची शक्यता जोब यांना शंभरात एक एवढीच वाटत होती. जॉन १९७५ चा पूर्ण मोसम बाहेर राहिला, १९७६ मध्ये परतला आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आता काही रुग्णांमध्ये मूळ लिगामेंट शिवून त्याला मजबूत फितीचा आधार देतात, त्याला 'इंटर्नल ब्रेस' म्हणतात. स्ट्रायडरवर हीच पद्धत वापरली गेली.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर चेंडूचा वेग वाढतो, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. नव्या लिगामेंटमुळे वेग येत नाही. परतलेला एखादा पिचर अधिक वेगवान दिसतो, कारण वर्षभर त्याने पाय, पाठ आणि खांदा यांवर कसून मेहनत घेतलेली असते आणि दुखापतीपूर्वीचे त्याचे शेवटचे महिने दुखऱ्या हातानेच गेलेले असतात.

पुनरागमनाचा काळ साधारण १२ ते १८ महिन्यांचा. पहिले काही महिने चेंडू हातात धरायचाच नाही. मग ४५ फुटांवरून हलके फेकणे, अंतर हळूहळू १२० फुटांपर्यंत नेणे, त्यानंतर माउंड, त्यानंतर प्रत्यक्ष फलंदाजांसमोर सराव आणि शेवटी मायनर लीगमधले (खालच्या स्तरावरचे) सामने. वेग बहुधा आधी परततो. चेंडू हवा तिथे टाकण्याची हुकमत शेवटी येते. म्हणून परतल्यानंतरच्या पहिल्या सात-आठ सामन्यांवरून निष्कर्ष काढू नये. जस्टिन व्हर्लँडर या शस्त्रक्रियेमुळे २०२१ चे संपूर्ण वर्ष बाहेर होता, आणि २०२२ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी १.७५ ची अर्न्ड रन सरासरी (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा) राखून त्याने साय यंग पुरस्कार जिंकला. सर्वांच्या नशिबी हे येत नाही.

प्रश्न : परतलेल्या स्टार्टरला ऐन प्लेऑफच्या तोंडावर बसवून ठेवणे योग्य आहे का? वॉशिंग्टनने स्ट्रासबर्गच्या बाबतीत चूक केली असे मला वाटते.

उत्तर : वॉशिंग्टन नॅशनल्सचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया २०१० मध्ये झाली. २०१२ मध्ये १५९ इनिंग्ज आणि वर एक बाद एवढ्यावर नॅशनल्सनी सप्टेंबरमध्येच त्याला थांबवले, आणि कार्डिनल्सविरुद्धची पाच सामन्यांची मालिका ते त्याच्याविना हरले. माझे मत असे की, थांबवणे चूक नव्हते. थांबवण्याची वेळ चुकली. मर्यादा आधीच ठरली होती, तर मे-जूनमधल्या काही फेऱ्या गाळून त्या इनिंग्ज ऑक्टोबरसाठी राखता आल्या असत्या. २०१९ मध्ये हाच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याचे श्रेय त्या सावधगिरीला देणारे लोक आहेत. परंतु त्यानंतर सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाल्यावर तो केवळ आठ सामने खेळू शकला, हेही त्याच हाताचे चरित्र आहे.

प्रश्न : जखमी खेळाडूचा पगार थांबतो का?

उत्तर : नाही. मेजर लीगचे करार सर्वसाधारणपणे हमीचे असतात आणि इन्जर्ड लिस्टवरचे दिवस सेवाकाळातही धरले जातात.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. आमचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या आणि क्लबच्या अशा दोन संघांत पिचिंग करतो. प्रशिक्षक म्हणतात, मुलांचे हात लवचीक असतात, काळजी नको. आम्ही काय पाहावे?

उत्तर : काळजी करावी. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तत्त्वांनुसार १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी. ३६ ते ५० चेंडूंनंतर दोन दिवस, ५१ ते ६५ नंतर तीन. वर्षातले किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद असावे. आपल्या मुलाच्या बाबतीत धोका दोन संघांचा आहे : शाळेच्या प्रशिक्षकाला क्लबमधले चेंडू ठाऊक नसतात आणि क्लबच्या प्रशिक्षकाला शाळेतले. म्हणून मोजदाद आपणच एका वहीत ठेवावी आणि प्रत्येक सामन्यापूर्वी ती दोघांनाही दाखवावी. पिचिंग नसलेल्या दिवशी त्याला कॅचर म्हणून उभे करत असतील, तर तेही थांबवावे, कारण कॅचरचा हातही दिवसभर चेंडू फेकतच असतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखते असे त्याने सामन्यात एकदा जरी सांगितले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा माउंडवर पाठवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. या वयात हाडाची वाढ होणारा भाग लिगामेंटपेक्षा कच्चा असतो, त्यामुळे इजा बहुधा आधी तिथे होते.