सातपूर-अंबडमधून ऑन्टॅरिओत : साइटवर फोरमन व्हायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे : इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, महाराष्ट्राचं सुपरवायझर लायसन्स, अंबडच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे काही वर्षं साइट सुपरवायझर. आता कॅनडात, ऑन्टॅरिओला यायचंय. तिथे थेट सुपरवायझर म्हणून घेतील का, पुरुष बाईचं ऐकतात का, आणि पुढे स्वतःची फर्म काढता येईल का? मी नाशिकच्या सातपूरची, टोरोंटोच्या आसपास याच कामात आहे आणि आज जनरल फोरमन (साइटवरच्या फोरमनांची प्रमुख) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेट सुपरवायझर म्हणून घेणार नाहीत. हे ऐकून हिरमुसू नकोस, कारण रस्ता बंद नाही, फक्त वेगळ्या दारातून जातो. ऑन्टॅरिओत इलेक्ट्रिशियन हा सक्तीच्या परवान्याचा ट्रेड आहे, त्याचा कोड ३०९-ए. शिकाऊ म्हणून नाव नोंदवल्याशिवाय किंवा सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन, म्हणजे पक्क्या इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र, मिळवल्याशिवाय हे काम करता येत नाही. आपल्याकडे डिप्लोमावाली मुलगी वायरमनवर देखरेख करते, स्वतः झिरी मारत नाही की केबल ओढत नाही. इथे ती वाटणीच नाही. फोरमन हा आधी पक्का इलेक्ट्रिशियन असतो, आणि त्याच्या हाताखालच्या माणसांना ते माहीत असतं. त्यांनी त्याचं ऐकण्याचं पहिलं कारण तेच.

म्हणून निघण्यापूर्वी नाशिकमध्येच दोन गोष्टी करून घे.

पहिली गोष्ट कागदांची. इथली संपूर्ण अॅप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) ९,००० तासांची असते : त्यातले ८,२८० कामावर आणि ७२० वर्गात. बाहेरून येणाऱ्याने आपला अनुभव याच्या तोडीचा आहे हे स्किल्ड ट्रेड्स ऑन्टॅरिओ या संस्थेला कागदांवर दाखवायचं असतं. त्याला ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंट म्हणतात. ते मान्य झालं की परीक्षेला बसता येतं, पास व्हायला ७० टक्के लागतात. तुझं महाराष्ट्राचं लायसन्स इथे परवाना म्हणून चालत नाही, पण पुरावा म्हणून जरूर जोड. खरी अडचण अनुभवाच्या पत्राची असते. 'आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली' अशा दोन ओळींना इथे किंमत नाही. लेटरहेडवर तारखा, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कोणती कामं केली ते हवं : पॅनल टर्मिनेशन, केबल ग्लँडिंग, अर्थिंग, मेगर टेस्टिंग (इन्सुलेशनची तपासणी), मोटर स्टार्टर, सगळं वेगवेगळं लिहून. नोकरी सोडल्यावर कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेलच असं नाही, तेव्हा संबंध गोड आहेत तोवर पत्र घे. निम्मा पगार रोखीत मिळत असेल तर तो आत्ताच बँकेतून मागायला लाग. पीएफचं पासबुक जपून ठेव, नोकरीचे हेही पुरावेच.

दुसरी गोष्ट हाताची. तू लिहिलंयस की बिलं, क्वोटेशन आणि ड्रॉइंग तूच बघतेस. आपल्याकडे मुलींना हळूच ऑफिसात बसवतात, तेच हे. ते सोडून निदान वर्षभर हत्यारं हातात घे. सातपूर, अंबड, सिन्नर, तिन्ही एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्यांची आणि फॅक्टरी वायरिंगची कामं भरपूर असतात. लग क्रिम्प करणं, आर्मर्ड केबल सोलून ग्लँड बसवणं हे हाताला सवयीचं झालं पाहिजे. तासांच्या हिशेबातही तेच मोजलं जातं.

इथे आल्यावर बरंच नव्याने शिकावं लागतं. आपल्याकडे २३०/४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. इथे घरात १२०/२४०, मोठ्या इमारतींत ३४७/६०० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. वायर चौरस मिलिमीटरमध्ये नाही, गेजमध्ये. पण सगळ्यात आधी डोक्यात पक्का बसवायचा तो रंग. आपल्याकडे जुन्या सवयीने काळी वायर म्हणजे न्यूट्रल. इथे काळी म्हणजे फेज. तीन फेजला लाल, काळी, निळी आणि न्यूट्रल पांढरी. ही सवय तुटायला वेळ लागतो आणि तोवर प्रत्येक वायर मीटरने तपासूनच हात लावायचा, कोणी कितीही घाई केली तरी.

मग वायर ज्यातून ओढतात तो पाइप. आपल्याकडे स्लॅबमध्ये पीव्हीसी टाकून मोकळे होतो, इथल्या व्यापारी कामात धातूचा पातळ पाइप उघड्यावर दिसतो आणि तो हाताने बेंडरवर वाकवायचा असतो. पाइप चार इंच बाजूला सरकवायचा (याला ऑफसेट म्हणतात) आणि बेंड ३० अंशांचे द्यायचे तर बेंडच्या दोन खुणांमधलं अंतर चार गुणिले दोन, म्हणजे आठ इंच. बेंड ४५ अंशांचे द्यायचे तर चार गुणिले १.४, म्हणजे साधारण साडेपाच इंच. दुसरा बेंड देताना पाइप जरासा जरी फिरला तरी तो वाकडा दिसतो आणि फुकट जातो. एका भिंतीवर सहा पाइप समांतर आणि एकसारखे वळलेले दिसले की बाईने काम केलंय का पुरुषाने, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते नाव होतं ते इथूनच.

आता तुझा खरा प्रश्न, ऐकतात का. सगळे नाही आणि लगेच तर नाहीच. एका कंपनीत मला महिनोन् महिने सामान वाहणं आणि लेबलं चिकटवणं यापुढे जाऊ दिलं नव्हतं. म्हणून कोणत्या महिन्यात कोणतं काम मिळालं याची वही ठेव. रफ-इन (भिंती बंद होण्याआधीचं पाइप-वायरिंग), टर्मिनेशन (वायरची टोकं जोडणं), फायर अलार्म, कंट्रोल या प्रत्येकात हात बसला नाही तर पुढे तुला लीड हँड, म्हणजे फोरमनच्या खालची टोळीप्रमुख, कोणी करणार नाही. मिळत नसेल तर स्पष्ट मागायचं, आणि तरीही मिळालं नाही तर कंपनी बदलायची. मी बदलली.

पुढच्या कंपनीत एका शाळेच्या इमारतीवर मला लीड हँड केलं. माझ्याहून वयाने मोठा एक इलेक्ट्रिशियन ड्रॉइंगवरची शंका घेऊन मला ओलांडून सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे आमच्या वरच्या साइटप्रमुखांकडे, गेला. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. 'तिला विचार,' एवढंच म्हणाले. तो परत आला तेव्हा मी ड्रॉइंग उघडलं. एसीचा डक्ट आणि आमचा केबल ट्रे एकाच उंचीवर येत होते, म्हणजे त्याची शंका बरोबर होती. तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि ट्रे कुठून वळवायचा ते त्यालाच मांडायला लावलं. नंतर तो शंका घेऊन माझ्याकडेच येऊ लागला. तुझ्यावर असा सुपरिंटेंडंट असणं फार महत्त्वाचं आहे. कंपनी निवडताना पगाराइतकीच त्याची चौकशी कर.

आणि फोरमन झालीस की कायद्याच्या नजरेत तू सुपरवायझर असतेस. माणसाला इजा झाली तर खटला कंपनीबरोबर तुझ्यावरही होऊ शकतो. 'लाइन चालू असतानाच उरकून घे' हे आपल्याकडचं वाक्य इथे तोंडातून येता कामा नये. ब्रेकरला ज्याचं त्याचं कुलूप, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. धोका वाटला तर काम नाकारायचा हक्क कामगाराला कायद्यानेच आहे. शिकाऊ पोराने तो वापरला तर त्याच्या पाठीशी उभी राहा.

बायकांच्या सोयी सुधारल्यात, पण हल्लीच. मोठ्या साइटवर बायकांसाठी वेगळं टॉयलेट ठेवणं ऑन्टॅरिओने २०२३ मध्ये सक्तीचं केलं. हातमोजे आणि हार्नेस मात्र आपल्या मापाचे आहेत ना, हे पहिल्याच दिवशी बघ, सैल हार्नेस घालून वर चढू नकोस. पुढेमागे मूल झालं तर आणखी एक अडचण : काम बहुतेक ठिकाणी सकाळी सातला सुरू होतं आणि पाळणाघरं इतक्या लवकर उघडतातच असं नाही. घर घेताना हे आधी बघ.

व्हिसाबद्दल एवढंच. पैसे घेऊन 'जॉब ऑफर' देतो म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. ऑफरसाठी कामगाराकडून पैसे घेणं इथे बेकायदा आहे, आणि मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत (कायमच्या वास्तव्यासाठीची गुणांवर चालणारी केंद्र सरकारची निवड) ऑफरचे जादा गुणही बंद झालेत. त्यातल्या फेडरल स्किल्ड ट्रेड्स या कारागिरांसाठीच्या वाटेला गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि ऑफर नसली तर कॅनडातलं ट्रेडचं सर्टिफिकेट. इंग्रजीची अट इतर वाटांपेक्षा सौम्य आहे. नियम बदलतात, सरकारी साइटवर स्वतः वाच.

स्वतःची फर्म काढता येते. सर्टिफिकेटनंतर तीन वर्षांचा अनुभव आणि मास्टर इलेक्ट्रिशियनची परीक्षा, मग इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडून कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स. क्वोटेशन आणि बिलांचा तुझा अनुभव तेव्हा कामाला येईल, तो वाया गेला असं समजू नकोस.

अनुभवाच्या पत्राचा मसुदा केलास की सही घेण्याआधी मला दाखव, काय कमी आहे ते सांगते.