टीबी निघाला नाही, आता डॉक्टर वडिलांना ‘जीपीए’ असेल म्हणतात. हे काय असतं?

उत्तर: जीपीए म्हणजे ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’, पूर्वी याला वेगेनर म्हणत. आपलीच प्रतिकारशक्ती बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. फुप्फुसात पोकळ गाठी, खोकल्यातून रक्त, वजन घटणं. त्यामुळे आपल्याकडे आधी टीबीच वाटतो. महिनोन्‌महिने न हटणारं सायनस आणि नाकातून निघणाऱ्या रक्ताळलेल्या खपल्या मात्र आठवून बघा, सर्दी म्हणून सोडून दिलेल्या असतात. एएनसीए रक्तचाचणी (या आजारात आढळणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी) आणि जमेल तिथे बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) करतात. लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) अजिबात लांबवू नका. किडनी गुपचूप खराब होते, दुखत काहीच नाही. उपचार म्हणजे स्टेरॉइडसोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो, पण पुन्हा उलटूही शकतो. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.