शंका-समाधान : ५० मीटरला गट, १०० मीटरला उभी रांग

प्रश्न : माझ्या पॉइंट टू-टू रायफलच्या पाच गोळ्या ५० मीटरवर दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतात. त्याच काडतुसांनी १०० मीटरवर मात्र सात-आठ सेंटिमीटरची उभी रांग पडते. गोळी ध्वनीच्या वेगाखाली येताना डळमळते, असं रेंजवर सगळे सांगतात. खरं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी डबा पाहा. ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ लिहिलं असेल तर गोळी सेकंदाला ३२५-३३० मीटरनेच निघते. गोव्यात ३० अंशांना ध्वनीचा वेग ३५०च्या आसपास असतो (पुस्तकातले ३४० मीटर १५ अंशांचे), म्हणजे ती वेस ओलांडायचा प्रश्नच येत नाही. ‘हाय व्हेलॉसिटी’ची सेकंदाला ३८० मीटरने सुटलेली गोळी तर तीस-चाळीस मीटरांतच त्या वेगाखाली उतरते. दोष तिथला असता तर तुमचा ५० मीटरचा गटही (भोकांचा पुंजका) बिघडला असता. शिवाय डळमळणारी गोळी सगळीकडे पसरते, नुसती खालीवर नाही.

उभी रांग म्हणजे बहुतेक वेळा काडतुसांच्या वेगातली तफावत. स्वस्त लॉटमध्ये (एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेत) दोन काडतुसांत सेकंदाला २० मीटरचा फरक सहज निघतो. ५० मीटरवर त्याने दीड सेंटिमीटरचा फरक पडतो, १०० मीटरवर सहाचा. कारण गोळीची घसरण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा राऊंड मोजा. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद यांत सेकंदाला १२ मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो लॉट ५० मीटरच्या सरावाला ठेवा. तीन-चार लॉटचे पन्नास-पन्नास आणून ताडून पाहा. ब्रँड बदलला की पहिले दहा-पंधरा राऊंड गटात धरू नका. नळीत आधीच्या गोळ्यांवरच्या मेणाचा थर असतो, नवा बसायला वेळ लागतो. डबा गाडीच्या डिकीत तापू देऊ नका.

लॉट चांगला असूनही रांग पडतेय? मग रिकामी केस उजेडात धरा. रिमवरची (केसच्या बुडाच्या कडेवरची) खूण उथळ किंवा कमीजास्त खोलीची दिसली तर फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई) नीट आपटत नाही आणि बारूद दर वेळी सारखी पेटत नाही. आपल्याकडे खाऱ्या हवेच्या धास्तीने बोल्टात (ही पिन ज्यात बसते त्या सरकत्या दांड्यात) तेल ओततात. ते कालांतराने घट्ट होऊन पिनला धरून ठेवतं. बोल्ट उघडून पुसा, तेलाचा नुसता हात फिरवा. तरी फरक नाही पडला तर स्प्रिंग बदलून घ्या.

भोकं लांबुळकी दिसू लागली तर मात्र गोळी खरंच आडवी जातेय. १६ इंचांच्या ट्विस्टला (गोळीला १६ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीला) ६० ग्रेन वजनाची लांब गोळी वापरली की हमखास हे होतं. ४० ग्रेनवर या.

प्रश्न : दुपारच्या समुद्रवाऱ्यात १०० मीटरला जलद काडतूस बरं ना?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : उलट. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध झपाट्याने वाढतो, जलद गोळी वाटेत जास्त वेग गमावते आणि वाऱ्याने जास्त ढकलली जाते. सेकंदाला ३ मीटरच्या आडव्या वाऱ्यात स्टँडर्ड गोळी सुमारे ८ सेंटिमीटर सरकते, जलद १०-११. त्यापेक्षा सकाळी लवकर जा. १०० मीटरला मातीचा भक्कम बांध असलेली मान्यताप्राप्त रेंजच हवी. ही छोटी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.