एसपी घेतलं होतं, आता गणित शिकायचंय

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी २३ वर्षांचा, भांडुपला राहतो. दहावीला गणितात ७१ मार्क होते. अकरावी कॉमर्सला गणित किंवा एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) यांतलं एक निवडायचं होतं. सगळे मित्र एसपी घेत होते, मीही घेतलं. बीकॉम झालं, आता फोर्टला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची कामं करतो. येता-जाता लोकलमध्ये मोबाइलवर गणिताची लेक्चर्स बघतो आणि आता त्याचीच ओढ लागली आहे. इंग्लंडमध्ये वाढलेला माझा आतेभाऊ म्हणतो, तिकडे बारावीला गणित नसलं तरी आधी 'फाउंडेशन इयर' करून गणिताची डिग्री घेता येते, तो स्वतः तेच करतोय. आपल्याकडे असं काही आहे का? की मला उशीर झाला? घरी अजून कोणाला बोललेलो नाही.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुला 'अहो-जाहो' करत नाही. ३४ वर्षं वर्गात तुझ्याच वयाच्या मुलांना 'तू' म्हटलं, आता जीभ वळत नाही.

आधी आतेभावाचं. तो सांगतो ते खरं आहे. इंग्लंडमध्ये गणिताची डिग्री साधारण तीन वर्षांची. ज्याने ए लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, गणित घेतलं नाही किंवा ज्याचे मार्क कमी पडले, त्याच्यासाठी काही विद्यापीठं सुरुवातीला आणखी एक वर्ष जोडतात. विद्यार्थी त्याला 'इयर झीरो' म्हणतात. त्यात बीजगणिताची घोटाई, फंक्शन आणि त्यांचे आलेख, त्रिकोणमिती, लॉगरिदम, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर, जोडीला थोडं स्टॅटिस्टिक्स. आपली सायन्सची अकरावी-बारावी एका वर्षात, असं समज. त्या वर्षाचे मार्क बहुतेक ठिकाणी डिग्रीच्या अंतिम क्लासमध्ये धरत नाहीत, पण ठरलेल्या रेघेच्या वर आलास तरच पहिल्या वर्षात जागा.

मात्र आतेभावाचा पैशांचा हिशेब तुला लागू नाही. २०२५-२६ साठी तिथल्या रहिवासी विद्यार्थ्याकडून विद्यापीठाला वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड घेता येतात आणि ते भरायला त्याला सरकारी कर्ज मिळतं. बाहेरून जाणाऱ्याला ती मर्यादाही नाही आणि ते कर्जही नाही. चार वर्षांची फी आणि चार वर्षांचं राहणं-खाणं रुपयांत मांडून बघ. एक्सेल तुला माझ्यापेक्षा बरं येत असणार.

आता इकडचं. मुंबईत बीएस्सीला गणित घ्यायचं तर बारावी सायन्स लागते. एसपीबद्दल मात्र फार हळहळू नकोस. कॉमर्सचं गणित घेतलं असतंस तरी बोर्डाच्या लेखी तो वेगळाच विषय : कमिशन, विमा, निर्देशांक, थोडं मॅट्रिक्स आणि डेरिव्हेटिव्ह. त्रिकोणमिती त्यात नाही, व्हेक्टरही नाहीत. मग तुझ्यासारख्याने काय करायचं? एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिथे बारावीच्या पातळीचा एकच विषयही घेता येतो. गणिताचा पेपर दे, परीक्षा वर्षातून दोनदा असतात. पण सुट्या विषयाच्या मार्कशीटवर पुढे प्रवेश मिळेल का, हे त्या त्या विद्यापीठाला आधी लेखी विचार. खिडकीवरच्या माणसाने मान हलवली म्हणजे 'हो', असं समजू नकोस.

दुसरी वाट आयआयटी मद्रासची. डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस डिग्री त्यांनी २०२१ मध्ये सुरू केली. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा, मग फाउंडेशन लेव्हलचे आठ कोर्स, त्यांत गणिताचे दोन, स्टॅटिस्टिक्सचे दोन, शिवाय पायथन. नोकरी सांभाळून जमण्यासारखं आहे. पण ही गणिताची डिग्री नव्हे, हे डोळे उघडे ठेवून घे.

यातलं काहीही निवडण्याआधी दुसरंच एक तपासून बघ. त्यासाठी माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी बारावी झाले १९८२ मध्ये. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला होता. वडील गिरणीत विव्हिंग खात्यात. कॉलेजची फी हा विषयच घरात काढता येईना. एक वर्ष मी लालबागला आमच्या चाळीच्या गॅलरीत सातवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, डोक्याला दहा रुपये, आणि निम्म्या मुलांचे वडील संपावर, म्हणजे तेही उधार. सहा महिने दुसरं काही नाही, नुसतं बीजगणित. हात इतका चालू लागला की वर्गसमीकरण बघितल्याबरोबर अवयव दिसायचे. एकदा आठवीतल्या एका पोराने विचारलं, "ताई, संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की तिचं चिन्ह बदलतं. पण वाटेत तिला होतं काय?" मी त्याला गप्प केलं. रात्री गॅलरीत पडल्या पडल्या लक्षात आलं, ती कुठे जातच नाही. आपण दोन्हीकडून तेवढंच वजा करतो, 'पलीकडे नेणं' ही नुसती बोलायची पद्धत. दुसऱ्या दिवशी पोराला बोलावून सांगितलं. तो विसरूनही गेला होता.

ते माझं फाउंडेशन इयर. तेव्हा त्याला 'वर्ष फुकट गेलं' म्हणत, आमच्या मावशीने तर तोंडावर म्हटलं.

१९८३ मध्ये कॉलेजात गेले ती भलतीच खुशीत. पहिल्या टर्मिनलला गणितात १०० पैकी ३१. हात चालत होता, पण तिथे हाताचं काम नव्हतं. १, १/२, १/३, १/४ अशी संख्यांची ओळ शून्याच्या जवळ जाते, हे कोणालाही दिसतं. सर विचारत, 'जवळ' म्हणजे किती? मी एक हजारांश म्हणालो, तर कितव्या पदापासून पुढचं प्रत्येक पद त्या अंतराच्या आत राहील, ते सांग. हजाराव्याच्या पुढे. बरं, एक दशलक्षांश म्हणालो तर? आणि मी कुठलंही अंतर मागितलं तरी तुझ्याकडे उत्तर असेल, हे कशावरून? हे 'कशावरून' डिग्रीची तीनही वर्षं पाठ सोडत नाही. आकडेमोड कमी होत जाते, सिद्धता वाढत जातात. फाउंडेशनचं वर्ष, इकडचं असो की तिकडचं, मुख्यतः हात तयार करतं. या 'कशावरून'ची भूक आहे का, ते घरबसल्या आणि फुकटात कळू शकतं.

म्हणून तुझ्याच लाइनवरचं एक कोडं देते. तीन मित्र, एक दादरला राहतो, एक घाटकोपरला, एक भांडुपला. स्लो ट्रेनने कुठल्या तरी एका स्टेशनवर भेटायचंय. तिघांनी मिळून ओलांडलेली स्टेशनं कमीत कमी व्हायला हवीत. कुठे भेटावं? बहुतेक जण सरासरी काढतात. दादर शून्य धरलं तर घाटकोपर ५, भांडुप ८, सरासरी ४ च्या थोडी पुढे, म्हणजे विद्याविहार. मोजून बघ : विद्याविहारला ४, १ आणि ४ मिळून ९ होतात. घाटकोपरला ५, ० आणि ३ मिळून ८.

उत्तर मीच सांगून टाकलं, कारण खरा प्रश्न पुढे आहे. प्रत्येक स्टेशन न मोजता घाटकोपरपेक्षा चांगलं ठिकाण नाहीच, हे मला पटवून दे. मग चौथा मित्र मुलुंडचा घे आणि काय बदलतं ते बघ (गंमत आहे, ती सांगत नाही). वहीत लिही, वाक्यं पूर्ण कर, 'उघड आहे' हे शब्द वापरायचे नाहीत. दोन-चार दिवस हे डोक्यात घोळत राहिलं, ऑफिसात चलनं भरतानाही मध्येच आठवलं, तर तू डिग्रीच्या वाटेला लागण्यासारखा आहेस. 'उत्तर आलं ना, मग झालं तर' असं वाटलं, तर त्यातही कमीपणा नाही. मग तुला आवडतं ते हिशेबी गणित, आणि त्यासाठी मद्रासची वाट जास्त बरी.

लेक्चर बघताना समजतंय असं वाटतं ते अर्धंच खरं असतं, याचा अनुभव मला वर्गाच्या दोन्ही बाजूंनी आहे. व्हिडिओ थांबवून पुढची पायरी स्वतः लिहायची. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९७१ मध्ये शिकवू लागली तेव्हा गणिताचा पायाभूत कोर्स बीबीसीच्या टीव्हीवरही दाखवत. कामकरी माणसं तो बघत, पण त्यांना लिहून पाठवायचा गृहपाठही असे. त्याच विद्यापीठाच्या ओपनलर्न या वेबसाइटवर आज गणिताचे छोटे कोर्स फुकट आहेत, आपल्याकडे सरकारचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे. आधी त्रिकोणमिती संपव. ती डोंगरासारखी दिसते, पण रोज तासभर दिलास तर दिवाळीपर्यंत आटपेल.

घरी आत्ता सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, पण मी तुझ्या जागी असते तर भरलेली वही हातात आल्यावर सांगितलं असतं.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला, गणितात ५८ मार्क. एक एजंट इंग्लंडला फाउंडेशन करून गणिताच्या डिग्रीला पाठवतो म्हणतात. त्यामुळे डिग्री कमी दर्जाची ठरते का?
— एक आई, चेंबूर

उत्तर : ताई, दर्जा कमी होत नाही, पहिल्या वर्षापासून सगळ्यांचा अभ्यासक्रम एकच असतो. पण फाउंडेशन दोन तऱ्हेचं असतं. एक विद्यापीठाच्या डिग्रीतच जोडलेलं, दुसरं वेगळ्या संस्थेने चालवलेलं, जिथून पुढच्या प्रवेशासाठी विद्यापीठाच्या अटी पुन्हा पार कराव्या लागतात. तुमचा एजंट कुठल्याबद्दल बोलतोय, पुढे जायला किती मार्क लागतात आणि ते पडले नाहीत तर भरलेल्या फीचं काय, ही तीन उत्तरं थेट विद्यापीठाकडून ईमेलने मागवा, एजंटकडून नको. आणि मुलाला इथल्या बीएस्सीला आजच प्रवेश मिळू शकतो, हे त्याला कोणी सांगितलंय का? गणितात त्याला खरंच रस असेल, तर बीएस्सी करता करता एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिराला अर्ज करू द्या. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी हे शिबिर १९९३ मध्ये सुरू झालं. सुरू करणारे एस. कुमारेसन तेव्हा आपल्या मुंबई विद्यापीठातच प्राध्यापक होते. तिथे मुलांना फळ्यासमोर उभं करून 'कशावरून?' विचारतात. वरच्या उत्तरातलं कोडं त्यालाही द्या, आणि सोडवलं तर मला कळवा.