तिकिटातला ग्लास

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शनिवार, 7 नोव्हेंबरला लेस्टरमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आहे. 280 माणसं येतील. सहापासून मुलांचे नाच, ऑर्केस्ट्रा, जेवण आणि बारापर्यंत डीजे. 20 पौंडांच्या तिकिटात जेवण आणि वाइनचा एक ग्लास धरला आहे. लॉटरीत बक्षीस म्हणून व्हिस्कीची बाटली आहे. आपण दारू विकतच नाही, मग कौन्सिलच्या परवान्याचा प्रश्न येतो कुठे, असं समितीचं म्हणणं. मला मात्र धाकधूक वाटते. — सचिव, लेस्टर

उत्तर : तुमची धाकधूक खरी आहे आणि समिती चुकते आहे. ग्लास तिकिटात बसवला की ती विक्रीच झाली. बारवर गल्ला नसला तरी पैसे दारावर घेतलेच ना? आणि विनापरवाना दारू विकण्याला इंग्लंड आणि वेल्समध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाला कमाल मर्यादा नाही.

मी एका कौन्सिलमध्ये परवान्यांच्या खिडकीवर बसायचे. 2005 सालच्या नोव्हेंबरपर्यंत दारूचे परवाने मॅजिस्ट्रेट द्यायचे आणि नाचगाण्याचे कौन्सिल. 2003 च्या कायद्याने दोन्ही आमच्या टेबलावर आणून टाकलं, आणि 2005 च्या उन्हाळ्यात जुने परवाने बदलून घ्यायला आलेल्या अर्जांच्या चळतींपलीकडचा माणूस दिसत नसे. आपल्याकडे दारूचं सगळं राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे असतं. त्यामुळे कचरा उचलणारी कौन्सिलच दारूची परवानगी देते हे नव्याने आलेल्या मराठी माणसाला खरं वाटत नाही.

तुम्हाला अख्ख्या परवान्याची गरज नाही. ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’ पुरेल. तिला सगळे ‘टेन’ म्हणतात. फी 21 पौंड. हजर माणसं एका वेळी 499 पेक्षा जास्त नकोत, आणि त्यात वाढपी, वादक, मेकअपवाली मावशी सगळे मोजायचे. 280 मध्ये तुम्ही आरामात बसता. टेन म्हणजे परवानगीचा अर्ज नव्हे, तुम्ही कौन्सिलला दिलेली सूचना आहे. पोलीस आणि पर्यावरण आरोग्य विभाग यांना हरकत घ्यायला कामाचे तीन दिवस मिळतात. कोणी काही बोललं नाही तर तुमचा मार्ग मोकळा.

लोक फसतात ते दिवस मोजताना. कामाचे पूर्ण दहा दिवस मध्ये असावे लागतात, आणि त्यात नोटीस पोचल्याचा दिवस धरायचा नाही, कार्यक्रमाचाही नाही. म्हणजे 7 नोव्हेंबरसाठी शुक्रवार, 23 ऑक्टोबर ही शेवटची तारीख. ती हुकली तर 30 ऑक्टोबरपर्यंत ‘लेट टेन’ देता येते, पण तिच्यावर विसंबू नका. साध्या टेनवर हरकत आली तर सुनावणी होते, वेळ कमी करून तडजोडही निघते. लेट टेनवर हरकत आली की सुनावणी नाही, विषय संपला. एका गृहस्थांना हे सांगताना माझा आवाज चढला होता. लग्नाची पत्रिका हातात धरून ते म्हणत होते, “मॅडम, मंडप घातलाय हो.” मंडप घातलाय म्हणून पोलिसांची हरकत मागे जात नाही.

नोटीस मंडळाच्या नावाने देता येत नाही. ती अठरा वर्षांवरच्या एका माणसाच्या नावाने लागते आणि जबाबदारी त्याच्यावर येते. अध्यक्षांना मान म्हणून पुढे करू नका. त्या रात्री शेवटची खुर्ची उचलेपर्यंत जो हॉलमध्ये असेल त्याचंच नाव घाला. ज्याच्याकडे स्वतःचा पर्सनल लायसन्स, म्हणजे दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना, नाही त्याला वर्षात पाचच टेन देता येतात. गणपती, कोजागरी आणि दिवाळी एकाच्याच नावावर गेली असतील तर आधी मोजून घ्या. हॉललाही वर्षाला 15 नोटिसांची आणि एकूण 21 दिवसांची मर्यादा आहे. चर्चच्या हॉलमध्ये वाढदिवस आणि लग्नं यांतच त्या संपत येतात. हॉलच्या व्यवस्थापकाला आजच विचारा, “यंदाच्या किती उरल्यात?”

नाचगाण्यांचं म्हणाल तर रात्री अकरापर्यंत फारशी अडचण नाही. सार्वजनिक हॉलमध्ये 500 पर्यंत श्रोते असतील आणि हॉलवाल्यांची संमती असेल तर सकाळी आठ ते रात्री अकरा गाण्याला वेगळा परवाना लागत नाही. अकरानंतरच्या डीजेला लागतो. म्हणून नोटिशीत दारूबरोबर मनोरंजनाच्या चौकोनातही खूण करा. आणखी एका चौकोनाकडे आपली माणसं हमखास दुर्लक्ष करतात. रात्री अकरानंतर गरम खाणं-पिणं देणं हेही परवान्याचं काम आहे. निघता निघता गरम चहा द्यायचा बेत असेल तर तिथेही खूण हवी. चहा फुकट आहे म्हणून सुटका होत नाही, कारण आत यायला तुम्ही पैसे घेतले आहेत. तिकीट इथेही आडवं येतं!

उरला लॉटरीतल्या व्हिस्कीच्या बाटलीचा प्रश्न. बाटली सीलबंद असेल आणि सोडत कार्यक्रमातली एक किरकोळ गंमत असेल तर ती चालते. वाइनच्या टेबलावर मात्र थोडा खाष्ट स्वभावाचा माणूस बसवा. अठराखालच्या मुलाला ग्लास गेला तर “मामांनीच दिला” हे कोणी ऐकून घेणार नाही.

प्रश्न : आमच्या घराखालच्या दुकानाच्या काचेवर निळा कागद लागला आहे. तिथे रात्री एकपर्यंत दारूचा परवाना मागितला आहे. आम्ही शाकाहारी, निर्व्यसनी माणसं. विरोध कसा करायचा? — एक आजोबा, हॅरो

उत्तर : आजोबा, तो फिका निळा कागद 28 दिवस लावावाच लागतो, आणि तेवढ्याच दिवसांत तुम्ही लेखी हरकत पाठवायची. निर्व्यसनी असल्याचं पत्रात लिहू नका. दारू वाईट आहे, आधीच चार पब आहेत, घराची किंमत उतरेल, यातलं काहीही चालणार नाही. कौन्सिल चारच गोष्टी पाहते : गुन्हे आणि दंगा, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांचं रक्षण. म्हणून तुमच्या झोपेच्या खोलीची खिडकी दुकानाच्या दारापासून किती फूट आहे ते लिहा. मागच्या गल्लीत बाटल्यांचे डबे रात्री किती वाजता रिकामे होतात ते लिहा. शेजारच्यांना स्वतःच्या शब्दांत वेगळं पत्र लिहू द्या, कारण एकाच मजकुराखालच्या चाळीस सह्यांना कौन्सिलची समिती फारसं वजन देत नाही. तुमचं नाव-पत्ता अर्जदाराला कळतो, हे मात्र ध्यानात ठेवा. परवाना मिळालाच तर वेळ एकऐवजी अकरावर आणायची मागणी आधीच पत्रात घाला. सरसकट ‘नको’ म्हणणाऱ्यांपेक्षा अशी मागणी करणाऱ्यांच्या हाती काहीतरी लागलेलं मी जास्त वेळा पाहिलं आहे.