शिंदीला फळ का धरत नाही? बांधावरील झाडांविषयी सल्ला

ओढ्याकाठच्या बांधावर शिंदीची बरीच झाडे असून त्यांतील निम्म्यांना कधीच फळ लागले नाही, ती तोडावीत का, आणि त्यांच्यावर खारकेचे कलम बांधता येईल का, असे दोन प्रश्न काही शेतकऱ्यांनी विचारले आहेत.

झाडे तोडण्याची घाई कृपया करू नये. शिंदीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि पहिला फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत, त्यामुळे बी पडून आपोआप उगवलेल्या झाडांत सुमारे निम्मी नर निघणे स्वाभाविक आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पोय (फुलोऱ्याला झाकणारे म्यान) फुटली की तिच्यातील फुलांची काडी हलवून पाहावी. पांढरट फुलांच्या दाट झुपक्यातून पिठासारखा पराग तळहातावर पडला तर झाड नर, आणि काड्यांवर मण्यांसारखी हिरवट-पिवळी फुले दिसली तर मादी समजावे. सगळे नर तोडल्यास मादी झाडांचे घडही भरणार नाहीत. ज्या मादी झाडाला फळ कमी धरते, त्याची पोय उघडल्यापासून दोन-तीन दिवसांत ताज्या नर फुलोऱ्याच्या दोन-तीन काड्या तिच्यात उलट्या खोचून सैल बांधाव्यात.

खारकेचे कलम मात्र शिंदीवर होणार नाही. आंब्यात खुंट (मुळांचे खालचे झाड) आणि डोळकाडी (त्यावर बांधायची फांदी) यांच्या सालीखालचा वाढीचा थर एकजीव होतो. शिंदी आणि खारीक यांसारख्या ताडवर्गीय झाडांत तसा थरच नसतो, म्हणून अशी कलमे देऊ करणाऱ्यांना कोणीही पैसे देऊ नयेत. खारीक लावायचीच असेल तर मादी झाडाच्या बुडाचे फुटवे किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे घ्यावीत.

शिंदीच्या फळात गर पातळ आणि बी मोठे असते, त्यामुळे बाजारासाठी नवी लागवड करण्याचा सल्ला मी देणार नाही. परंतु बांधाची माती धरून ठेवणारे आणि झाडू-चटयांना पाती देणारे हे झाड राखण्याजोगे नक्कीच आहे. नीरेसाठी झाड छेदण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आवश्यक असतो.

घड उतरवताना पानाच्या देठालगतचे काटे आधी कोयत्याने साफ करावेत आणि जाड हातमोजे घालावेत. काट्याचे टोक बोटाच्या पेरात किंवा गुडघ्यात मोडून राहिले तर सांधा महिनोन्महिने सुजत राहू शकतो. असा काटा साध्या क्ष-किरण तपासणीत बहुधा दिसत नाही, म्हणून शिंदीचा काटा लागल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि सोनोग्राफीविषयी विचारावे.