राजीनामा लिहून द्यायचा की कपातीचं पत्र मागायचं?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात तुम्ही आठ वर्षं सात महिने फिटर आहात. ऑर्डरी घटल्या म्हणून मालकांनी तुम्हा सात जणांना बोलावलं आणि सांगितलं, "राजीनामा लिहून द्या, शनिवारी प्रत्येकाला एक लाख देतो, सगळा हिशोब मिटला." मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तुमचे 15,600, एकूण पगार 17,800. वहिनी विड्या वळून महिन्याला साडेचार हजार आणतात. कुंभारीच्या घरकुलात स्वतःचं घर असल्यामुळे भाडं नाही, घरखर्च 16,000. एक लाख घ्यावेत का, आणि पीएफ सगळा काढून मेहुण्याबरोबर चार जुने लूम (यंत्रमाग) घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

शनिवार जवळ आहे म्हणून उत्तर आधीच देतो. राजीनाम्यावर सही करू नका.

त्या एका लाखात तुमचेच पैसे किती आहेत ते आधी बघू. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या वर्षांमागे मालकाने द्यायची रक्कम, तुमच्या हक्काची होते. नोकरी कशीही सुटली, अगदी राजीनामा दिला तरी ती मिळते. हिशोब असा : 15,600 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 600, त्याचे 15 दिवस 9,000. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची वर्षं नऊ. झाले 81,000. मालक देणार आहेत त्यातले 81,000 तुम्ही कमावलेलेच आहेत. उरले 19,000. तुमच्या सहीची किंमत तेवढीच लावली आहे.

आता मालकांनी स्वतः कामावरून कमी केलं, म्हणजे ज्याला कारखान्यात रिट्रेंचमेंट म्हणतात ते केलं, तर काय होतं? एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. मी मुद्दाम हात आखडून, फक्त 15,600 वर मोजतो : भरपाई 70,200, नोटीस पगार 15,600. ग्रॅच्युइटी धरून 1,66,800. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. राजीनामा दिला की नोटीस आणि भरपाई दोन्ही जातात, कारण कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलेले असता.

पण याहून मोठं नुकसान ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात आहे आणि त्याकडे कारखान्यात कुणाचंच लक्ष नसतं. तुमचा पगार 21,000 च्या आत आहे, दर महिन्याला पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतात. तुमच्या मित्राने सांगितलेली "तीन महिने निम्मा पगार" ही योजना खरी आहे. तिचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. जास्तीत जास्त 90 दिवस, सरासरी कमाईच्या निम्मे, आयुष्यात एकदाच. तुमच्या बाबतीत ते साधारण 26,700 होतात. स्वेच्छानिवृत्तीला ती लागू नाही, म्हणून राजीनाम्याचा कागद तिथेही आडवा येऊ शकतो.

मित्राला जी माहीत नाही ती दुसरी आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. 1 एप्रिल 2005 पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर पहिले 12 महिने पगाराच्या निम्मे आणि पुढचे 12 महिने पाव हिस्सा भत्ता मिळतो. विम्याची तुमची वर्षं अटीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. 17,800 चे निम्मे म्हणजे महिन्याला 8,900. भत्ता चालू असेपर्यंत कुटुंबाचे उपचारही ईएसआयमध्येच होतात, आणि आईंच्या शुगरच्या गोळ्या तिथूनच येतात असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही योजना एकाच वेळी घेता येत नाहीत, त्यामुळे ही दुसरीच धरा.

घरात याने काय फरक पडतो बघा. वहिनींचे पैसे वजा जाता महिन्याला 11,500 कमी पडतात. लाखभर रुपये नऊ महिनेसुद्धा पुरणार नाहीत. भत्ता आला तर कमी पडतात फक्त 2,600. मग भरपाईचे पैसे जवळपास तसेच राहतात आणि मिळेल त्या कामावर हो म्हणायची घाई उरत नाही.

तुमची भीती मला कळते. टॉवेलवाले सगळे एकमेकांना ओळखतात, भांडखोर म्हणून नाव झालं तर उद्या दुसरीकडे दार उघडणार नाही. म्हणून भांडू नका. मालकांपुढे हा हिशोब कागदावर ठेवा आणि म्हणा, पैसे दोन टप्प्यांत द्या, चालेल, पण पत्र कपातीचं द्या. मालकांची अडचण बहुतेक वेळा रोख पैशाची असते. ऑर्डरी परतल्या आणि भरती निघाली तर कपात झालेल्यांना आधी बोलवावं लागतं. हाही त्या पत्राचा फायदा.

गेल्या वर्षी डाईंगमधला (रंगाई खात्यातला) एक कामगार माझ्याकडे आला होता, सही करून महिना झाल्यावर. पत्नीचं ऑपरेशन तोंडावर होतं. त्याच्या हातात राजीनाम्याची झेरॉक्स होती. मला त्याच्यासाठी काहीच करता आलं नाही. ते अजून मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून सांगतोय.

पीएफबद्दल. जुने लूम घेऊ नका. ज्या बाजारात माल उठत नाही म्हणून तुमचं काम गेलं, त्याच बाजारात तुम्ही आयुष्याची पुंजी टाकणार आहात. शिवाय चार लूमचं वीजबिल ऑर्डर असो नसो येतंच. पीएफवर 2024-25 ला 8.25 टक्के व्याज मिळालं. काम सुटलं म्हणून ते लगेच थांबत नाही, तेव्हा रक्कम तिथेच राहू द्या. पेन्शनच्या हिश्श्याला तर हातच लावू नका. 58 नंतर पेन्शन मिळायला दहा वर्षं लागतात, तुम्हाला 17 महिने कमी आहेत. ती रक्कम काढली की आठ वर्षं पुसली जातात. नव्या जागी तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर द्या, वर्षं पुढे मोजली जातील. लगेच पीएफवाली नोकरी मिळाली नाही तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची वर्षं नोंदलेला पीएफ कार्यालयाचा दाखला, घेऊन ठेवा. वहिनींचे दागिने गहाण आहेत ते 60,000 चं कर्ज मात्र भरपाईतून आधी फेडा.

उद्या रोजच्या वेळेला कामाला जा, हजेरी लावा. घरी बसलात तर "स्वतःच यायचा बंद झाला" असं लिहायला जागा मिळते. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी मालकांना स्पीड पोस्टाने पत्र टाका आणि पोचपावती घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. कपातीचं पत्र मिळालं की क्लार्कला विचारा, ईएसआयच्या ऑनलाइन नोंदीत काम सुटण्याचं कारण काय टाकलं. तिथे "रिट्रेंचमेंट" हवं. "लेफ्ट सर्व्हिस" (नोकरी सोडली) टाकलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण शाखा कार्यालयात तुमचा अर्ज याच एका शब्दावर अडतो. आधार आणि बँक पासबुक बरोबर ठेवा. बाकीच्या सहा जणांनाही हे शनिवारच्या आत सांगा.